गावात माहिती गोळा करायला निघताय?

राष्ट्रीय सेवा योजनेची हिवाळी शिबिरं जवळ आली, की सातारा-सांगलीकडून ठरावीक प्रश्न येऊ लागतात. सर्व्हेला सरपंचांचं पत्र पुरतं का? किती घरं घ्यायची? म्हातारी माणसं वय सांगत नाहीत, तिथे काय लिहायचं? बोअरच्या पाण्याचा नमुना कोल्ड्रिंकच्या बाटलीत चालेल का? विचारणाऱ्यांत नर्सिंगच्या विद्यार्थिनी असतात, समाजकार्याचे विद्यार्थी असतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेले डॉक्टर आणि पाणी समितीचे कार्यकर्तेही असतात. दाराच्या आतल्या माणसांचा प्रश्न वेगळा असतो: आलेल्या पोराला घरातलं किती सांगायचं? हा लेख दोघांसाठी आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. माहिती बिघडते ती दारात. चुकीच्या वेळी गेल्यामुळे, भलत्याच माणसाला विचारल्यामुळे किंवा प्रश्न न समजल्यामुळे ती बिघडते, आणि नंतर संगणकावर कितीही हिशेब केले तरी सुधारत नाही. म्हणून या लेखात आलेख आणि सूत्रं जवळजवळ नाहीत. दारापाशी काय करायचं, तेवढंच आहे.

आधी बघा, ही माहिती कुणाकडे आहे का

आशाताईंच्या नोंदवहीत गरोदर माता, लहान मुलं, क्षयाचे रुग्ण यांची नोंद असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची (२०१९–२१) जिल्हावार पत्रकं कुणालाही बघता येतात, त्यात सातारा आणि सांगली वेगवेगळे आहेत. विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षानुवर्षं ठेवते. जे आधीच मोजलं गेलंय ते पुन्हा विचारून लोकांचा वेळ घेऊ नका.

जुन्या आकड्यांशी तुलना करणार असाल, तर एक खाचखळगा लक्षात ठेवा. सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' या नावाने वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. पलूस, कडेगाव हे तालुके तर बरेच नंतरचे. १९४१ च्या जनगणनेतला सातारा आणि आजचा सातारा हे एकच क्षेत्र नाही.

मग स्वतःला विचारा: या माहितीवरून कोण, कोणता निर्णय घेणार आहे? 'कुणीच नाही' असं उत्तर आलं, तर प्रश्नावली निम्म्याने कमी करा. शंभर प्रश्नांच्या फॉर्ममधल्या शेवटच्या चाळीस प्रश्नांची उत्तरं सांगणाराही कंटाळून सांगतो आणि लिहिणाराही कंटाळून लिहितो.

परवानगी: कुणाची, कशासाठी

सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे. एका परवानगीच्या जागी दुसरी चालत नाही.

- ग्रामपंचायत: सरपंच आणि ग्रामसेवकांना लेखी कळवा. त्याने गावात फिरायची वाट मोकळी होते. सरपंचांनी 'हो' म्हटलं म्हणजे गावातल्या प्रत्येकाने 'हो' म्हटलं, असं मात्र होत नाही. ऊसतोड टोळीच्या मुकादमाचं, शाळेच्या मुख्याध्यापकांचं किंवा घरातल्या कर्त्या पुरुषाचंही तेच.
- नैतिकता समिती: माणसांविषयी आरोग्य-संशोधन करणार असाल, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काम सुरू होण्याआधी समितीकडे जावं लागतं. 'आम्ही रक्त घेत नाही, फक्त प्रश्न विचारतो' हे कारण तुम्ही स्वतःच्या अधिकारात देऊ शकत नाही. सूट द्यायची की नाही, हे समिती ठरवते. कराड, मिरज, सांगली इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करा. तुमच्या महाविद्यालयात समिती नसेल, तर तिथल्या प्राध्यापकांना मार्गदर्शक म्हणून सोबत घ्या.
- व्यक्तीची संमती: काम काय, किती वेळ लागेल, फायदा-तोटा काय, नकार दिला तर काही बिघडणार नाही हे सगळं मराठीत सांगून, माहितीपत्रकाची एक प्रत त्यांच्याकडेच ठेवायची. लिहिता-वाचता न येणाऱ्यांचा अंगठा घेताना तुमच्या गटाबाहेरचा साक्षीदार हवा. फोटो आणि आवाजाचं रेकॉर्डिंग यांची संमती वेगळी घ्या.
- मुलं: १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागतेच, आणि सात वर्षांवरच्या मुलाला त्याचं स्वतःचं 'हो' की 'नाही' हेही विचारावं लागतं. आई 'हो' म्हणाली आणि मूल आईमागे लपलं, तर वजनकाटा पिशवीत ठेवा.
- वनक्षेत्र: कास, कोयना, चांदोली, सागरेश्वर. इथलं पान, बी, किडा काहीही उचलण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी हवी. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समित्या झाल्या आहेत, त्यांनाही कळवा. नोंद आणि फोटोवर काम भागत असेल, तर नमुना घेऊच नका.

घर कधी उघडं असतं

या दोन जिल्ह्यांत सर्वेक्षण करणाऱ्याने प्रश्नावलीपेक्षा कॅलेंडरवर जास्त डोकं लावावं, असं मी म्हणेन.

पाटण आणि जावळीच्या डोंगरी गावांतले कितीतरी पुरुष मुंबई-नवी मुंबईत माथाडी कामात आहेत. दिवाळीनंतरच्या आठवड्यात किंवा यात्रेच्या दिवसांत गेलात, तर गाव भरलेलं दिसेल. जुलैत गेलात तर म्हातारी माणसं, बायका आणि पोरं. विटा-खानापूर-आटपाडी भागातली गलाई व्यवसायातली कुटुंबं सोन्याचांदीच्या कामासाठी देशभर पसरली आहेत. त्यांच्या गावात कुलूपबंद चांगली घरं आणि ओट्यावर बसलेले आजी-आजोबा हेच चित्र बहुतेक वर्षभर. अशा गावात 'दर घरी सरासरी तीन माणसं' असा निष्कर्ष काढाल, तो त्या महिन्याचा निष्कर्ष असेल, गावाचा नसेल.

माण, खटाव, आटपाडीतले मेंढपाळ दसरा-दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांच्या मुलांचं लसीकरण हिवाळ्यात वस्तीवर जाऊन मोजलं, तर सुटलेली मुलं तुमच्या यादीतूनही सुटतात, म्हणजे ज्यांच्यासाठी मोजणी करायची तीच मोजणीबाहेर. उलट दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोड कामगार येतात. कारखान्यांच्या परिसरात, उसाच्या फडाजवळ त्यांच्या कोप्या पडतात. ग्रामपंचायतीच्या कोणत्याही नोंदवहीत त्या नसतात. मार्च-एप्रिलपर्यंत ती माणसं तिथलंच पाणी पितात आणि तिथल्याच डासांखाली झोपतात. पाण्याच्या किंवा साथीच्या सर्वेक्षणात त्यांना वगळायचं कारण नाही.

दिवसातली वेळही ठरवावी लागते. तासगाव, मिरज, कवठे महांकाळच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत बायका सकाळी लवकर बागेत जातात. सकाळी अकराला दार वाजवलंत, तर सासू भेटेल, सून नाही. बाळंतपणाचे प्रश्न सासूला विचारून लिहिलेली उत्तरं फेकून दिलेली बरी. ऊसतोड बायका तर पहाटे अंधारातच फडावर असतात. संध्याकाळी चूल पेटल्यावर पाच-दहा मिनिटं मिळतात. तेव्हा चार प्रश्नच विचारा.

म्हणून कामाचे नियम असे ठेवा:

- बंद घराला एक फेरी पुरत नाही. वेगवेगळ्या वेळी आणखी दोनदा जा.
- तिन्ही वेळा बंद मिळालं तर 'बंद' लिहा. शेजारचं उघडं घर त्याच्या जागी घेऊ नका. उघडं घर आणि बंद घर यांतली माणसं सारखी नसतात.
- नकार वेगळा मोजा. किती जणांनी नाही म्हटलं हे अहवालात छापा.
- महिना आणि दिवसाची वेळ प्रत्येक फॉर्मवर हवी.

घर, कुटुंब आणि चूल

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत मिळकती असतात. एका मिळकतीत तीन भावांच्या तीन चुली असू शकतात आणि एकाच चुलीवर जेवणारं कुटुंब दोन घरांत झोपत असू शकतं. आरोग्याच्या कामात 'एका चुलीवर जेवणारी माणसं' हे मोजमाप धरा आणि पूर्ण गटाने ते एकसारखं धरा.

गावठाण संपलं म्हणजे गाव संपलं असं समजू नका. कृष्णाकाठच्या आणि माणदेशातल्या गावांत बरीच कुटुंबं मळ्यात, शेतातल्या वस्तीवर राहतात. डांबरी रस्त्यालगतची घरं घेतली, की सोयीची माणसं येतात आणि नळाचं पाणी सगळ्यांकडे आहे असं दिसतं. त्यामुळे पहिला दिवस यादी करण्यातच घालवा: आशाताई, अंगणवाडीताई आणि कोतवाल यांच्यासोबत बसून प्रत्येक वाडी, वस्ती, मळा कागदावर मांडा. त्यांच्या वेळेचं मानधन अंदाजपत्रकात धरा. आशाताईंच्या डोक्यावर आधीच ढीगभर नोंदवह्या आहेत, तुमचा प्रकल्प हे त्यांचं फुकटचं काम नाही.

किती घरं? टक्केवारी दहा अंकांनी इकडे-तिकडे चालणार असेल, तर साधारण शंभर कुटुंबं पुरतात. पाच अंकांपर्यंत नेमकी हवी असेल, तर ३८४. हे हिशेब चिठ्ठी टाकून निवडलेल्या घरांचे आहेत. काही गावं निवडून त्यांतलीच घरं घेणार असाल, तर आकडा साधारण दुप्पट धरा. निवड सोपी आहे. ४०० चुली आहेत आणि १०० हव्यात, तर एक ते चारमधली एक चिठ्ठी काढा आणि तिथून दर चौथी चूल घ्या.

प्रश्न कसा विचाराल

फॉर्मवरची भाषा आणि ओट्यावरची भाषा एक असायला हवी. 'अतिसार' विचारलात तर 'नाही' येईल, 'जुलाब' किंवा 'हगवण' विचारलीत तर दोन पोरांची नावं येतील. 'मधुमेह' आहे का म्हटल्यावर आबा मान हलवतील, 'साखर' आहे का म्हटल्यावर गोळ्यांची पट्टी बाहेर येईल. जतच्या पूर्व भागात कित्येक घरांत कन्नड बोलतात. तिथे कन्नड येणारा स्थानिक माणूस गटात घ्याच, आणि प्रश्नांचं कन्नड रूप आधी लिहून काढा, दारात उभं राहून तोंडी भाषांतर नको. हाक मारतानाही 'मॅडम-सर' सोडा. आजी, आक्का, मावशी, वहिनी, आबा, तात्या या नात्यांच्या हाकांनी पहिला संकोच जातो.

वयाचा प्रश्न सगळ्यांना अडतो. साठीच्या पुढच्या बऱ्याच जणांकडे जन्मदाखला नसतो आणि आधारकार्डावर १ जानेवारी हीच तारीख छापलेली असते. अशा वेळी घटनांची यादी जवळ ठेवा. या भागात सर्वांत उपयोगी आहे कोयनेचा भूकंप: ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. "भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढ्या होता, आजी?" यावर "तिसरीत होते" असं उत्तर आलं, तर जन्म साधारण १९५९ चा. "थोरला कडेवर होता, त्याला घेऊन बाहेर पळाले" असं आलं, तर आजींचंही वय कळतं आणि थोरल्याचंही. त्यानंतर बहात्तरचा दुष्काळ: खडी फोडायला जात होता का, की आईबरोबर जायचात? मग ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २००५ चा महापूर, २०१९ चा महापूर, २०२० ची टाळेबंदी. दोन घटनांवरून आलेलं वय जुळलं तर लिहा. जुळलं नाही तर 'अंदाजे' अशी खूण करा. वय बनवून लिहिण्यापेक्षा अंदाज आहे हे सांगणं केव्हाही चांगलं.

आजार कधी झाला हे विचारतानाही तसंच. 'गेल्या दोन आठवड्यांत' हे शब्द अनेकांना धूसर वाटतात. 'मागच्या बाजाराच्या आधीच्या बाजारापासून आजपर्यंत' म्हटलं, की ज्या गावात आठवडे बाजार आहे तिथे बाई लगेच मोजते. मुलांच्या जुलाबाची विचारणा दोन आठवड्यांपुरतीच करावी, त्याहून मागचं नीट आठवत नाही.

काही प्रश्न चारचौघांत विचारायचेच नाहीत: पाळी, गर्भपात, मारहाण, दारू, एचआयव्ही. म्हैसाळला २०१७ मध्ये बेकायदा गर्भपातांचं प्रकरण उघड झालं, त्याची भीती अजून आहे. अशा विषयावर सासरच्यांसमोर विचारलेला प्रश्न त्या बाईला अडचणीत आणू शकतो. स्वतंत्र जागा मिळाली नाही, तर तो भाग सोडून द्या. एचआयव्हीबाबत तर कायदाच आहे. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. न्यायालयाचा आदेश असल्याखेरीज आपली स्थिती सांगण्याची सक्ती कुणावर करता येत नाही.

सांगलीतल्या संग्राम या संस्थेचं काम इथे आठवतं. १९९२ मध्ये मीना सेषू यांनी सुरू केलेल्या या कामात वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच एकमेकींपर्यंत पोचण्याची जबाबदारी घेतली आणि त्यातून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. ज्या समाजाविषयी लाजेचं दडपण आहे, तिथे बाहेरून फॉर्म घेऊन येणाऱ्यापेक्षा त्याच समाजातली व्यक्ती प्रश्न ठरवायला आणि विचारायला सोबत असावी, हे तिथून शिकण्यासारखं आहे. आणि ते प्रश्न ठरवतानाच; फॉर्म छापून झाल्यावर मत विचारण्यात अर्थ नसतो.

कागद की मोबाइल

मोबाइल सोयीचा, पण महाबळेश्वर तालुक्यातल्या कांदाटी खोऱ्यात, कोयनेच्या जलाशयापलीकडे नेटवर्क मिळेल या भरवशावर जाऊ नका. नेटशिवाय चालणारं साधन निवडा. कोबो टूलबॉक्स, ओडीके आणि एपिकलेक्ट फाइव्ह ही तिन्ही नेटशिवाय फॉर्म भरू देतात, देवनागरी प्रश्न दाखवतात, ठिकाण आणि फोटो नोंदवतात आणि नेट आल्यावर पाठवतात. व्हॉट्सॲपच्या गटावर फॉर्मचे फोटो टाकणं पूर्ण बंद ठेवा. एकदा पुढे गेलेलं नाव परत येत नाही.

- ठिकाण नोंदवताना अचूकता १० मीटरच्या आत येईपर्यंत थांबा. दरीत वेळ लागतो.
- गावाचं नाव हाताने लिहू देऊ नका, यादीतून निवडायला लावा आणि सरकारी संकेतांक वापरा. वडगाव म्हणजे कराडजवळचं वडगाव हवेली की खटावमधलं वडगाव जयराम स्वामी? इस्लामपूरचं आता ईश्वरपूर झालंय. संकेतांक असला की घोळ होत नाही.
- नावांची यादी वेगळी, उत्तरं वेगळी. मध्ये फक्त क्रमांक.
- जादा पॉवर बँक, आणि मोबाइल पडला-भिजला तर कागदी दहा फॉर्म पिशवीत.
- त्याच संध्याकाळी सगळे फॉर्म तपासा. सात वर्षांच्या मुलाला तीन मुलं असल्याची नोंद त्या दिवशी दुरुस्त होते, महिन्याने नाही.

शून्य आणि रिकामी जागा यांतला फरक गटाला दहादा समजावा. पावसाचं उदाहरण घ्या. पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात आणि गेल्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवशीच्या तारखेला लिहितात. पाऊस पडलाच नाही, तर ०. तुम्ही गावाला गेला होता म्हणून वाचलंच नाही, तर 'नोंद नाही'. दोन्हीकडे ० लिहिलं, की माणदेशात नसलेला दुष्काळ कागदावर तयार होतो. 'मुलाला लस दिली नाही', 'माहीत नाही' आणि 'विचारलंच नाही' ही तीन उत्तरंही अशीच वेगवेगळी आहेत.

पाण्याचा नमुना

इथे कोल्ड्रिंकच्या बाटलीचं उत्तर: जंतूंच्या तपासणीला अजिबात नाही. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणा. तिच्या आत थोडं रसायन असतं, ते पाण्यातल्या क्लोरीनला निष्प्रभ करतं, म्हणून ती विसळायची नाही.

- आधी बाटलीवर लिहा: क्रमांक, ठिकाण, तारीख, वेळ. पाणी भरल्यावर ओल्या बाटलीवर शाई टिकत नाही.
- नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. बोअर असेल तर जास्त वेळ चालू ठेवा, पाइपमध्ये साचलेलं पाणी जाऊ द्या.
- झाकण हातातच धरा, आतली बाजू खाली टेकवू नका.
- बाटली काठोकाठ भरू नका, थोडी हवेची जागा सोडा.
- बर्फाच्या डब्यात ठेवून शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचवा. शनिवारी दुपारी नमुना घेऊ नका, रविवारी प्रयोगशाळा बंद.

क्षार, फ्लोराइड, नायट्रेट तपासायचे तर उलट: साधी स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरायची. आकडा आला की भारतीय मानकांशी ताडून बघा: फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, पर्याय नसेल तर १.५ पर्यंत, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपर्यंत, जंतूंच्या बाबतीत १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही नको. गावच्या जलसुरक्षकाकडे क्लोरीन तपासायचं ओटी चाचणीचं द्रावण असतं. शेवटच्या नळाला पाणी पिवळं होतंय का ते बघा. टाकीजवळ टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घातलेलं दिसतं आणि शेवटच्या वस्तीत क्लोरीनचा पत्ता नसतो, असं वारंवार आढळतं. म्हणून नोंद शेवटच्या नळाची घ्या.

पूर ओसरल्यावर पाण्याच्या खुणा नोंदवायच्या असतील, तर पंधरवड्याच्या आत जा. भिंतीवरच्या रेषेसोबत मापपट्टी धरून फोटो घ्या आणि त्याच गल्लीतल्या दोन घरांना वेगवेगळं विचारा. सांगलीत आयर्विन पुलावरची पातळी सगळ्यांना ठाऊक आहे: ४५ फूट धोक्याची, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पण पुलावरचा आकडा तुमच्या गल्लीत किती पाणी होतं ते सांगत नाही, तुमच्या खुणा सांगतात. एकदा घराला रंग दिला की त्या गेल्याच.

असं आढळलं तर थांबू नका

अहवाल होईपर्यंत वाट बघायची नाही अशा गोष्टी आहेत. एका वस्तीत एकाच आठवड्यात अनेकांना जुलाब किंवा कावीळ दिसली, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेला माणूस भेटला, तर सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते हे सांगून पाठवा. मूल धोक्यात वाटलं तर १०९८, रुग्णवाहिकेला १०८.

२०२० च्या मार्चमध्ये इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या कुटुंबात कोरोनाची लागण आढळली आणि निकटचे लोक एकामागून एक बाधित निघाले. कोण कुणाला कोणत्या दिवशी भेटलं याची यादी लवकर आणि नेमकी झाल्यामुळे साथ शहरभर पसरली नाही. साथीच्या कामात तारीख ही अशी जीव वाचवणारी गोष्ट असते. 'चार-पाच दिवसांपूर्वी' हे उत्तर मान्य करू नका, वार विचारा.

तुमच्या दारात कुणी फॉर्म घेऊन आलं तर

- ओळखपत्र, संस्थेचं नाव आणि जबाबदार व्यक्तीचा फोन मागा. खरा सर्वेक्षक न मागता दाखवतो.
- नकार देता येतो, मधेच थांबता येतं, एखादा प्रश्न सोडता येतो. त्यामुळे रेशन, योजना किंवा दवाखान्यातले उपचार थांबत नाहीत. तसं कुणी म्हटलं तर गटविकास अधिकारी किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.
- ओटीपी, बँक खातं, आधारची छायाप्रत कोणत्याही आरोग्य सर्वेक्षणाला लागत नाही.
- रक्त घेणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे का आणि तपासणीचा निकाल तुम्हाला कधी मिळणार, हे आधी विचारा.
- पत्नीच्या आरोग्याची संमती पत्नीचीच. नवऱ्याने तिच्या वतीने देऊ नये आणि सर्वेक्षकाने घेऊ नये.
- दिलेली संमती मागे घेता येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही हे तत्त्व आहे.

नकार देण्याच्या या मुभेला एक अपवाद आहे, जनगणना. १९४८ च्या कायद्याने तिथे उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि त्याच कायद्याने तुमचं उत्तर गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. जिला रीतीने नवऱ्याचं नाव घेता येत नाही, तिच्यावर ते सांगण्याची सक्ती त्या कायद्यातही नाही. जनगणना करणाऱ्यांनी अशा वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारावं.

निकाल गावात परत नेताना

निष्कर्ष मराठीत, दोन पानांत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांपैकी जी जवळची असेल, तिच्या आधी ग्रामसेवकाला लेखी देऊन विषयपत्रिकेत घ्यायला सांगा. ग्रामसभेला न येणाऱ्या बायकांसाठी अंगणवाडीत वेगळं बसा. मळ्यातल्या आणि कोप्यांतल्या लोकांना त्यांच्या जागी जाऊन सांगा.

ज्या वाडीत वीस घरं आहेत तिथे '३४ वर्षांची, शिवणकाम करणारी, विधवा' एवढं छापलं, तरी नाव छापल्यासारखंच. लहान वस्त्यांचे आकडे एकत्र करून द्या आणि घरांचे नेमके बिंदू दाखवणारा नकाशा कुणालाही देऊ नका. ज्या विहिरीचं पाणी वाईट निघालं तिच्या मालकाला आधी खासगीत कळवा, सोबत पुढचा उपायही: पुन्हा तपासणी कुठे, टीसीएल किती, तोवर पाणी उकळून कसं प्यायचं.

नावांची यादी किती दिवस ठेवायची हे कामाआधीच नैतिकता समितीला लिहून दिलेलं असतं. ती मुदत संपली, की मोबाइल, लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि कागद या चारही ठिकाणची यादी नष्ट करा आणि तसं केल्याचं पत्र समितीला पाठवा.